ध्रुवित प्रकाशाचे उगमस्थान : क्वेसारांच्या झोतांचा शोध

क्वेसार म्हणजे पोटात कृष्णविवर असलेली, ताऱ्यासारखी दिसणारी अतिदूरची वस्तू. तिच्यातून सुटणाऱ्या झोताचा प्रकाश ध्रुवित असतो. म्हणजे त्याच्या लहरी सगळ्या दिशांना सारख्या न डोलता एका ठरावीक दिशेला जास्त डोलतात. ताऱ्याच्या प्रकाशात असा कल जवळजवळ नसतो. ध्रुवण मोजताना दोनच गोष्टी हाती लागतात : एकूण प्रकाशापैकी किती टक्के ध्रुवित आहे आणि त्याचे कंपन कोणत्या दिशेला आहे. झोताचा मुळाकडचा भाग मोठ्यात मोठ्या प्रकाशीय दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो. त्या ठिपक्याच्या पोटात चुंबकीय क्षेत्र कसे पसरले आहे याची खूण फक्त ध्रुवण देते. म्हणूनच हा ध्रुवित प्रकाश झोतात नेमका कुठे जन्मतो, या प्रश्नाच्या उत्तरासाठी खगोलशास्त्रज्ञांच्या तीन पिढ्या खपल्या. त्या काळात उत्तर अनेकदा बदलले, आणि दर वेळी ते बदलले ते मोजण्याची नवी रीत सापडल्यामुळे.

ध्रुवणाची पहिली ओळख एका स्फटिकाने करून दिली. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या एरास्मस बार्टोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिले, तर पलीकडची प्रत्येक वस्तू दुहेरी दिसली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८०८ मध्ये, पॅरिसमध्ये एत्येन मालूस असाच एक स्फटिक डोळ्याला लावून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याकडे पाहत होते. मावळत्या सूर्याचे प्रतिबिंब राजवाड्याच्या तावदानांत चमकत होते. स्फटिक फिरवला तसे त्या दोन प्रतिमांपैकी एक उजळे आणि दुसरी मंदावे. काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो, हे असे कळले. पावसाळ्यात पोलरॉइड चष्मा लावून ओल्या डांबरी रस्त्याकडे पाहावे आणि मान हळूहळू एका खांद्याकडे कलवावी. रस्त्यावरची चकाकी आधी दबलेली असते आणि मान कलते तशी ती वाढत जाते. मालूस यांनी पाहिले ते हेच. पुढे १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी ध्रुवणाचे गणित चार राशींत बसवले. ध्रुवण मोजणाऱ्या वेधशाळा आजही त्याच राशी मोजतात.

परंतु अवकाशात ध्रुवित प्रकाश तयार करणारी यंत्रणा कोणती, हे कळायला विसावे शतक उजाडले. ते कळले एका प्रयोगशाळेत. १९४७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन नावाचे नवे त्वरक यंत्र चालू होते. त्याच्या नळीत गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमधून झगझगीत प्रकाश बाहेर पडताना तिथल्या शास्त्रज्ञांना दिसला. चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वळणारा इलेक्ट्रॉन प्रारण सोडतो. त्या प्रारणाला यंत्राचेच नाव मिळाले : सिंक्रोट्रॉन प्रारण. त्याचा मोठा गुण असा की ते जन्मतःच ध्रुवित असते आणि त्याचे कंपन चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असते. क्षेत्र अगदी एकसारखे असेल, तर सत्तर टक्क्यांच्या आसपास ध्रुवण मिळायला हवे असे गणित सांगते. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा बरेच कमी भरते. ही तूटही उपयोगाची ठरते, कारण क्षेत्र किती विस्कटलेले आहे याचा अंदाज तिच्यावरूनच बांधता येतो.

१९५३ मध्ये सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ इओसिफ श्क्लोव्हस्की यांनी धाडसी विधान केले. खेकडा तेजोमेघाचा निळसर, एकसलग प्रकाश तापलेल्या वायूचा नसून सिंक्रोट्रॉन प्रारण आहे, असे ते म्हणाले. तसे असेल तर तो ध्रुवित असलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी डोंब्रोव्हस्की आणि वाशाकिद्झे या दोन सोव्हिएत निरीक्षकांनी स्वतंत्रपणे तो ध्रुवित असल्याचे दाखवले. मग लायडनमध्ये यान ऊर्ट आणि थेओडोर वाल्राव्हन यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. श्क्लोव्हस्की तेवढ्यावर थांबले नाहीत. कन्या राशीतील एम ८७ या दीर्घिकेच्या पोटातून निघणारी प्रकाशाची एक सरळ रेघ फार आधीपासून माहीत होती. १९१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी तिची नोंद केली होती. ती रेघही सिंक्रोट्रॉन प्रारणाचीच असावी, असा श्क्लोव्हस्कींचा तर्क होता.

तो तपासला वॉल्टर बाडे यांनी. पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीत प्रकाशचित्राच्या काचेपुढे पोलरॉइडचा तुकडा बसवायचा, एक चित्र घ्यायचे, पोलरॉइड ठरावीक अंशांनी फिरवून दुसरे, मग तिसरे. सगळ्या काचा शेजारी ठेवल्या की फरक नजरेतच भरत होता : झोतातली एक गाठ एका काचेवर ठळक, तर दुसरीवर फिकी. शेजारच्या ताऱ्यांच्या ठिपक्यांत काहीही बदल नाही. १९५६ मध्ये बाडे यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि झोतातला प्रकाश सिंक्रोट्रॉन प्रारण आहे हे पक्के झाले. या प्रश्नाच्या इतिहासातला हा सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणावा लागेल. त्याला गुंतागुंतीचे गणित लागले नाही. काचांवर जे उमटले ते कुणालाही दिसत होते.

या पुराव्यातून एक अडचणही उभी राहिली. दृश्य प्रकाश देण्याइतके जोमदार इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा फार लवकर गमावतात. एम ८७ च्या झोतात ते काहीशे वर्षेच टिकतील असा हिशेब निघत होता, आणि झोत तर हजारो प्रकाशवर्षे लांब आहे. मुळापासून निघालेला इलेक्ट्रॉन तिथवर पोचेपर्यंत विझून गेलेला असायचा. म्हणजे त्याला वाटेतच पुन्हा वेग मिळत असला पाहिजे. त्यामुळे ध्रुवित प्रकाशाचे उगमस्थान एकच असेल ही अपेक्षा तेव्हाच डळमळली. झोतात अनेक ठिकाणी, गाठीगाठींत, इलेक्ट्रॉन नव्याने तापतात.

क्वेसार या इतिहासात आले ते १९६२ मध्ये. त्या वर्षी ५ ऑगस्टला ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने चंद्राआड जाणाऱ्या ३सी २७३ या रेडिओ स्रोताचे पिधान टिपले. सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यावरून स्रोताचे स्थान काटेकोर मिळाले, आणि स्रोत दुहेरी आहे हेही कळले : एक भाग ताऱ्यासारख्या बिंदूवर, दुसरा त्यापासून सुमारे २० विकला दूर, एका बारीक झोताच्या टोकाशी. १९६३ च्या फेब्रुवारीत मार्टेन श्मिट यांनी त्या बिंदूचा वर्णपट उलगडला. ताम्रसृती, म्हणजे वर्णरेषा लाल रंगाकडे सरकल्याचे माप, ०.१५८ निघाली. तारा समजला गेलेला तो बिंदू अब्जावधी प्रकाशवर्षांवर होता. म्हणजे पहिल्या क्वेसारची ओळख पटली तीच झोतासह. १९६४ मध्ये हाँग-यी च्यू यांनी अशा वस्तूंना क्वेसार हे नाव दिले.

रेडिओ लहरींमधले ध्रुवण त्याच सुमारास हाती आले. १९६२ मध्ये पार्क्सलाच कूपर आणि प्राइस यांना सेंटॉरस ए या दीर्घिकेच्या ध्रुवणाची दिशा तरंगलांबीप्रमाणे वळत जाते असे आढळले. १८४५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी काचेत पाहिलेला परिणाम अवकाशात दिसत होता : चुंबकीय क्षेत्र असलेल्या विरळ आयनित वायूतून जाताना ध्रुवणाची दिशा फिरते, आणि हे फिरणे तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रेडिओ निरीक्षकांना तेव्हापासून एक जास्तीचे काम लागले. आधी वाटेतले फिरणे वजा करायचे, मगच झोताच्या मूळ दिशेबद्दल बोलायचे. दृश्य प्रकाशाला ही अडचण जवळजवळ येत नाही.

दृश्य प्रकाशाची अडचण वेगळीच होती. ३सी २७३ चा मुख्य बिंदू फारच थोडा ध्रुवित आहे. उलट ३सी ४४६ हा क्वेसार १९६६ मध्ये भडकला तेव्हा त्याचे ध्रुवण भरपूर होते आणि ते बदलतही होते. पाठोपाठ बी एल लॅसर्टी आला. १९२९ मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांनी त्याची नोंद सरठ तारकासमूहातला एक चल तारा म्हणून केली होती. १९६८ मध्ये तो रेडिओ स्रोत असल्याचे उमगले आणि १९६९ मध्ये विश्वनाथन यांना त्याचा प्रकाश ध्रुवित असल्याचे आढळले. ज्यांचा झोत जवळजवळ थेट पृथ्वीकडे रोखलेला आहे अशा वस्तूंना १९७८ मध्ये एड स्पीगल यांनी ब्लेझार हे नाव सुचवले. क्वेसारांमध्ये ३ टक्क्यांहून अधिक ध्रुवण असणारे थोडेच, आणि त्यांतले बहुतेक ब्लेझार. बाकीच्यांत झोताचा प्रकाश कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या चकतीच्या झगमगाटात बुडून जातो. चकतीचा प्रकाश जवळजवळ ध्रुवित नसतो. तो मिसळला की ध्रुवणाची टक्केवारी पातळ होते, आणि निळ्या रंगाकडे जावे तशी आणखी पातळ होते, कारण चकतीचा रंगच निळा.

ध्रुवित प्रकाश दिसला की झोत, असे समीकरण मांडण्याची घाईही महागात पडली असती. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी एनजीसी १०६८ या दीर्घिकेचा फक्त ध्रुवित प्रकाश वेगळा काढून त्याचा वर्णपट तपासला. त्यात एरवी न दिसणाऱ्या रुंद रेषा उमटल्या. दीर्घिकेचे केंद्र धुळीआड झाकलेले होते. त्याचा प्रकाश वरच्या इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरला होता आणि विखुरताना ध्रुवित झाला होता. तिथे झोताचा संबंध नव्हता. तेव्हापासून दोन खुणा एकत्र पाहण्याची शिस्त पडली. ध्रुवण दिवसागणिक बदलत असेल तर ते झोताचे. वर्षानुवर्षे स्थिर असेल तर ते विखुरलेल्या प्रकाशाचे असण्याचा संभव अधिक.

झोत पृथ्वीकडे रोखलेला असेल तर तो लांबीने आखडलेला दिसतो. त्याच्या आत डोकवायला एक मिलिविकलेहून लहान तपशील वेगळे करणारी नजर हवी. ती रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने दिली. खंडांच्या अंतरावरच्या तबकड्यांची निरीक्षणे एकत्र जुळवण्याचे हे तंत्र. १९७१ मध्ये त्याच तंत्राने ३सी २७९ या क्वेसारच्या झोतातले गोळे प्रकाशाहून जास्त वेगाने सरकताना दिसले. तो भास होता. रोखलेल्या झोतात असा भास होतो हे मार्टिन रीस यांनी १९६६ मध्येच सांगून ठेवले होते. १९८० च्या दशकात या जाळ्यांनी ध्रुवणाचेही नकाशे काढायला सुरुवात केली. त्यात ब्रँडाइस विद्यापीठाच्या रॉबर्ट्स आणि वॉर्डल यांच्या गटाचा वाटा मोठा. १९९३ मध्ये हवाईपासून कॅरिबियन बेटापर्यंत पसरलेल्या, २५ मीटर व्यासाच्या दहा तबकड्यांचे जाळे पूर्ण झाले आणि असे नकाशे नेहमीचे झाले.

नकाशांत काही नेम दिसू लागला. बी एल लॅसर्टीसारख्या स्रोतांत कंपनाची दिशा बहुधा झोताला समांतर, म्हणजे क्षेत्र झोताला आडवे. जोमदार क्वेसारांत क्षेत्र बहुधा झोताच्या लांबीला धरून. आडव्या क्षेत्राचे स्पष्टीकरण रॉबर्ट लेंग यांनी १९८० मध्ये दिले होते : विस्कटलेले क्षेत्र एका बाजूने दाबले की दाबाच्या सपाटीत ते नीट आडवे पडते. झोतातली आघात लहर हेच काम करते. १९८५ मध्ये अ‍ॅलन मार्शर आणि वॉल्टर गिअर यांनी ३सी २७३ च्या भडक्याचा उलगडा झोतातून सरकणाऱ्या आघात लहरीने केला, आणि त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या २६ मीटर तबकडीवरून ह्यूज आणि अ‍ॅलर दांपत्याने रेडिओ ध्रुवणातले चढउतार त्याच कल्पनेने जुळवून दाखवले. पुढे डेनिस गबुझ्दा आणि मायकेल सिट्को यांनी दृश्य प्रकाश आणि रेडिओ जाळे यांची निरीक्षणे एकाच वेळी घेतली. झोताच्या रेडिओ गाभ्यातली, म्हणजे नकाशात झोताच्या मुळाशी दिसणाऱ्या तेजस्वी ठिपक्यातली, ध्रुवणाची दिशा आणि दृश्य प्रकाशातली दिशा अनेकदा एकमेकींशी जुळली. दृश्य प्रकाशाला नकाशा नव्हता, पण या जुळण्यातून त्याचा पत्ता लागला : उगम रेडिओ गाभ्याच्या आसपासच.

एकविसाव्या शतकात भर पडली ती ध्रुवणाच्या दिशेच्या फिरण्याची. २००५ च्या अखेरीस बी एल लॅसर्टीचे ध्रुवण काही दिवसांतच सुमारे २४० अंश फिरले. मार्शर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याचा अर्थ लावला : प्रारणाचा एक गोळा कृष्णविवराजवळच्या मळसूत्री चुंबकीय क्षेत्रातून वळसे घेत बाहेर आला, त्यामुळे दिशा फिरली, मग तो गोळा रेडिओ गाभ्याशी उभ्या असलेल्या स्थिर आघात लहरीतून गेला आणि पुन्हा भडकला. २००९ मध्ये ३सी २७९ चे ध्रुवण गॅमा किरणांच्या भडक्यासोबतच वीस दिवसांत २०८ अंश फिरले. उगम कृष्णविवराच्या त्रिज्येच्या सुमारे लाखपट अंतरावर असावा, असा तिथला निष्कर्ष. दृश्य प्रकाश आणि गॅमा किरण एकाच प्रदेशातून येतात हेही त्यातून सुचले.

या फिरण्यात एक खोच आहे. ध्रुवणाची दिशा म्हणजे बाण नव्हे, नुसती रेघ. १० अंश आणि १९० अंश एकच. दोन निरीक्षणांमध्ये चार रात्रींचा खंड पडला, तर ध्रुवण ७० अंश एका बाजूला वळले की ११० अंश दुसऱ्या बाजूला, हे सांगता येत नाही. विस्कटलेल्या क्षेत्राच्या अनेक गोळ्यांचा प्रकाश एकत्र मिसळला तर निव्वळ योगायोगानेही दिशा मोठा फेरा मारल्यासारखी दिसू शकते. हे १९८० च्या दशकापासून माहीत होते. सेबास्तियन कीलमन यांच्या गटाने ३सी २७९ च्या दीर्घ नोंदी तपासल्या, तेव्हा शांत काळातले फिरणे योगायोगाने जुळण्यासारखे निघाले. भडक्याच्या काळातले मात्र त्यात बसेना. खात्री करायची तर पुष्कळ स्रोत, रोज रात्री, एकाच उपकरणाने पाहायला हवे होते.

हे काम करणारे उपकरण पुण्यात तयार झाले. आयुका संस्थेत ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली रोबोपोल हा ध्रुवणमापक बांधला गेला. २०१३ मध्ये तो ग्रीसच्या क्रीट बेटावर स्किनाकास वेधशाळेच्या १.३ मीटर दुर्बिणीवर बसला. जर्मनी, पोलंड, अमेरिका आणि ग्रीसमधल्या संस्था त्यात भागीदार होत्या. ध्रुवण मोजण्यासाठी या उपकरणात काही फिरवावे लागत नाही. त्यातले वोलास्टन लोलक दुहेरी वक्रीभवनाचेच काम करतात, जे बार्टोलिन यांच्या स्फटिकाने केले. प्रत्येक ताऱ्याचे एका चित्रात चार ठिपके पडतात, दोन आडव्या जोडीत आणि दोन उभ्या. एका जोडीतल्या दोन ठिपक्यांच्या तेजातला फरक एक राशी देतो, दुसरी जोडी दुसरी. सगळे एकाच वेळी टिपले जाते, म्हणून मध्येच पातळ ढग आला तरी फरक बिघडत नाही. चित्राच्या मध्यभागी एका क्रूसाकृती झाकणाची सावली असते. ज्या ब्लेझारचे माप घ्यायचे त्याचे चार ठिपके त्या काळोखात पडतात आणि आजूबाजूच्या आकाशाचा उजेड त्यांत कमी मिसळतो. अनेक रात्रींच्या अशा मापांतून दिमित्री ब्लिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ध्रुवणाचे मोठे फेरे आणि गॅमा किरणांचे भडके यांच्यात खरा संबंध आहे. सगळेच फेरे योगायोग म्हणून सोडून देता येत नाहीत. महाराष्ट्रात बांधलेल्या उपकरणाने या प्रश्नाच्या उत्तराला इतका थेट हातभार लावला, हे मराठी वाचकाला माहीत असावे.

उगमस्थानाचा आणखी एक पुरावा अनपेक्षित दिशेने आला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुटलेले गाया यान २०२५ पर्यंत आकाशातल्या बिंदूंची जागा अचूक मोजत होते. युरी कोव्हालेव्ह, लिओनिद पेट्रोव्ह आणि अलेक्झांडर प्लाव्हिन यांनी क्वेसारांची गायाने मोजलेली जागा आणि रेडिओ जाळ्याने मोजलेली जागा शेजारी ठेवली. दोन्ही अगदी एकाच बिंदूवर नव्हत्या, आणि फरक बहुधा झोताच्या रेषेवरच पडत होता. २०२० मध्ये त्यात ध्रुवणाची भर पडली. दृश्य प्रकाशाचे केंद्र झोताच्या पुढच्या बाजूला सरकलेले असेल तर ध्रुवण जास्त; मुळाकडे सरकलेले असेल तर कमी. पहिल्या ठिकाणी झोताचा प्रकाश वरचढ, दुसऱ्या ठिकाणी चकतीचा. एका ठिपक्याच्या आत न शिरता त्याचे दोन भाग वेगळे करून दाखवणारे हे काम आहे.

दूरवर पसरलेल्या झोतांचाही निकाल ध्रुवणानेच लागत आला. १९९९ मध्ये चंद्रा उपग्रहाला क्वेसारांच्या लांब झोतांतून क्ष-किरण येताना दिसले आणि ते सिंक्रोट्रॉनचे की विश्वातल्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मलहरींवर इलेक्ट्रॉन आदळून आलेले, असा वाद पेटला. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने पीकेएस ११३६-१३५ या क्वेसारच्या झोतातल्या गाठींचे ध्रुवण मोजले. ते भरघोस निघाले, आणि निदान त्या गाठींत तरी सिंक्रोट्रॉनची बाजू वरचढ ठरली.

क्ष-किरणांचे ध्रुवण मोजणारा आयएक्सपीई उपग्रह ९ डिसेंबर २०२१ रोजी सुटला. २०२२ च्या मार्चमध्ये त्याने मार्केरियन ५०१ या ब्लेझारच्या क्ष-किरणांत सुमारे १० टक्के ध्रुवण मोजले, दृश्य प्रकाशातल्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि दिशा झोताला समांतर. याचा अर्थ इलेक्ट्रॉनांच्या आयुष्यावरून लागतो. आघात लहरीपाशी वेग घेतलेले सर्वांत जोमदार इलेक्ट्रॉन तिथेच, नीट आडव्या पडलेल्या क्षेत्रात, क्ष-किरण सोडून विझतात; कमी जोमाचे पुढे वाहत जातात आणि विस्कटलेल्या क्षेत्रात दृश्य प्रकाश व रेडिओ लहरी देतात. त्याच वर्षी जूनमध्ये मार्केरियन ४२१ या दुसऱ्या ब्लेझारमध्ये क्ष-किरणांच्या ध्रुवणाची दिशा फिरताना दिसली आणि दृश्य प्रकाशाची मात्र फिरली नाही. म्हणजे एकाच झोतात प्रत्येक प्रकारच्या प्रकाशाचा पत्ता वेगळा आहे. क्ष-किरणांचे ध्रुवण आघात लहरीला चिकटून जन्मते, दृश्य प्रकाशाचे तिच्या मागच्या रुंद पट्ट्यात आणि रेडिओचे त्याहून दूर.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बी एल लॅसर्टीच्या दृश्य प्रकाशातले ध्रुवण ४७.५ टक्क्यांपर्यंत चढले, आणि त्याच वेळी क्ष-किरणांत ते मोजण्याइतके सापडले नाही. तिथले क्ष-किरण आघात लहरीपाशी जन्मलेले नव्हते. इलेक्ट्रॉनांनी कमी ऊर्जेच्या प्रकाशाला धक्का देऊन ते तयार केले होते. ज्याला एकेकाळी सरठ तारकासमूहातला साधा चल तारा समजले गेले, त्याच स्रोताचे हे ४७.५ टक्के कोणत्याही ब्लेझारच्या दृश्य प्रकाशात तोवर नोंदलेले सर्वाधिक ध्रुवण ठरले.